मखरातलं झाड

आमच्या घरी नाताळचं झाड कुणालाच सजवता येत नाही, कारण ते कसं सजवायचं हे सगळ्यांनाच पक्कं ठाऊक असतं. यंदा आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी उपासनेहून परतल्यावर आत्यानं चपला काढायच्या आधीच फर्मान काढलं, "ते प्लास्टिकचं सोंग यंदा माळ्यावरून खाली आलं, तर मी माळ्यावर जाऊन बसेन. झाड हवं ते जुन्या पद्धतीचं. मिससाहेबांच्या वेळचं."

आत्याची सगळी नोकरी वाईच्या मिशन दवाखान्यात नर्स म्हणून झाली. तिनं इंजेक्शनं टोचलेली मुलं आता आजोबा झालीत आणि बाजारात ती दिसली की अजून दंड चोळतात. अशा बाईशी वाद घालायचा नसतो.

प्लास्टिकच्या झाडाची बाजू घेणारा घरात मी एकटाच. पुण्याच्या कॅम्पातून ते मी घासाघीस करून आणलेलं. फांद्यांच्या टोकांना रंगाच्या खुणा होत्या. लाल खाली, पिवळी मध्ये, निळी वर. माळ्यावर पावसाळे काढून सगळ्या खुणा एकाच मातकट रंगाच्या झाल्या आणि तेव्हापासून आमचं झाड दरवर्षी नवा आकार घेतं. गेल्या वर्षी ते कमरेत रुंद आणि पायाशी निमुळतं झालं होतं. पाहुणे त्याच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत होते.

"पण आत्या, जुनं म्हणजे नेमकं कधीचं?" मी विचारलं, आणि भिंतीपलीकडून अण्णांचा खोकला ऐकू आला.

अण्णा आमचे शेजारी. विश्वकोशात नोकरी करून निवृत्त झालेले. इतर गावांत भांडण पेटलं की लोक आवाज चढवतात, वाईत नोंद काढतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्र्यांनी विश्वकोशाचं काम इथे मांडलं आणि तेव्हापासून या गावात अडाणीपणानं भांडायची सोय राहिली नाही. अण्णा लुंगी सावरत आले आणि खुर्ची ओढून बसले.

"जुनं म्हणता, तर खोटं झाडही जुनंच बरं का. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत हंसाची पिसं हिरवी रंगवून तारेला गुंडाळायचे आणि झाड करायचे."

मी खुललो.

"आणि इंग्रजांचं म्हणाल तर १८४८. राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स अल्बर्ट आणि मुलं झाडाभोवती उभी आहेत, असं चित्र लंडनच्या सचित्र साप्ताहिकात छापून आलं. मग तिकडे घरोघरी झाडाची हौस शिरली. त्याच साली कंपनी सरकारनं आपलं साताऱ्याचं राज्य खालसा केलं. तिकडे झाड उभं, इकडे गादी आडवी. आता किती जुनं हवं ते तुम्हीच ठरवा."

"मिससाहेब इंग्रज नव्हत्या, अमेरिकन होत्या," आत्या म्हणाली. "अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आलं १८१३ ला." आत्या ही तारीख फक्त भांडणात वापरते. १८१३ हे १८४८ च्या आधी येतं, त्यामुळे पुढे कुणाला बोलता येत नाही.

ही मात्र बोलली, कारण ही नगरची. मराठी ख्रिस्ती घरात नगरची सून आली की माहेरचा सगळा इतिहास रुखवतात येतो. 'ज्ञानोदय' १८४२ साली नगरला निघालं, रेव्हरंड टिळक नगरला राहिले, आणि करंजीच्या सारणात खसखस किती हेही, तिच्या मते, नगरलाच ठरलं. सरकारनं शहराचं नाव बदललं तरी माहेरचं बदललेलं नाही. "आमच्या नगरला झाडाचं एवढं स्तोम नव्हतंच," ती म्हणाली. "लोक गायचे. ज्यांना गाता येत नाही ते झाडं सजवतात." हे बोलताना ती माझ्याकडे बघत होती. चिरंजीवांच्या मते जुनं म्हणजे 'व्हिंटेज', आणि त्यासाठी झाड लागत नाही, मोबाइलमध्ये पिवळट फिल्टर असला की झालं.

आत्याच्या आठवणीतलं झाड सुरूचं होतं, छताला टेकणारं, कुणीतरी तोडून आणलेलं. कोणी आणि कुठून, हे तिला विचारायचं नाही. शहरातल्या झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे, आणि मी पडलो शिक्षक. 'झाडे लावा, झाडे जगवा' हा निबंध दरवर्षी तपासतो, कुऱ्हाड घेऊन कुठे जाणार? म्हणून डिसेंबरातल्या एका शनिवारी चिरंजीवांना मागे बसवून पसरणी घाटाखालच्या नर्सरीत गेलो.

नर्सरीवाल्यानं कुंडीतलं एक झाड पुढे केलं. मजल्यामजल्यानं आडव्या फांद्या, अंगापिंडानं शिडशिडीत.

"हे खरं ख्रिसमस ट्री?"

"खरं म्हंजे? बघा की, जित्तं हाय."

"मूळचं कुठलं?"

"पुण्याचं."

"टिकेल ना?"

"ईशान्येला ठेवा सायेब. घरात शांतता नांदती."

"ईशान्येला आत्या बसते."

त्यानं क्षणभर विचार केला. "मग कुठंबी ठेवा."

परतताना घाटाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग थेट गावापर्यंत आली होती. डिसेंबरात शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची सगळी वाहनं पाचगणीला जायला निघतात आणि पसरणीच्या पायथ्याशी मुक्काम करतात. त्या रांगेच्या कडेनं मी स्कूटर चालवतोय, मागे चिरंजीव कुंडीला मिठी मारून बसलेत आणि झाडाचा शेंडा माझ्या कानात. एका मोटारीची काच खाली झाली. "एक्स्क्यूज मी, स्ट्रॉबेरी याच झाडाला येते का?" चिरंजीव म्हणाले, "हो, पण उन्हाळ्यात." मी गाडी पुढे काढली. गावात शिरल्यावर ओळखीचे चार जण भेटले. दोघांनी "कुणाकडे वास्तुशांत?" म्हणून विचारलं आणि एकानं न विचारताच "अभिनंदन" म्हटलं.

अण्णांनी झाड दारातच ओळखलं. "अरॉकेरिया. दक्षिण प्रशांत महासागरातलं नॉरफोक बेट. कॅप्टन कुक १७७४ साली तिथे उतरला, तेव्हा त्याला दिसलं."

"म्हणजे बेथलेहेमचं नाही, जर्मनीचं नाही, अमेरिकेचंही नाही?"

"आणि पुण्याचंही नाही," अण्णा समाधानानं म्हणाले.

नर्सरीत कमरेएवढं दिसणारं झाड आमच्या हॉलमध्ये गुडघ्याएवढं झालं. छताला टेकायचं तर दूरच, सोफ्याच्या हाताशीही त्याचं जमेना. आत्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे झाड आहे की रोप?" ही म्हणाली, "उंचावर ठेवू या." मी स्टूल आणलं, ते हललं. टीपॉय आणला, त्याची काच वाजली. शेवटी अण्णांच्या वहिनींनी त्यांच्याकडचा चौरंग पाठवला, आणि पुढचं सगळं त्या चौरंगामुळे घडलं. मराठी घरात चौरंग मांडला की तो रिकामा राहत नाही, आणि त्याच्यामागची भिंत उघडी राहत नाही.

तेवढ्यात आमच्या आळीतल्या गणेश मंडळाचा अध्यक्ष दारावरून चालला होता. त्यानं चौरंग पाहिला आणि गाडी स्टँडवर लावली. "काका, बसवताय?"

"बसवत नाही रे, लावतोय. झाड."

"तेच ते. मागं पडदा नको? तुम्ही नुसतं हो म्हणा, बाकी आमच्यावर सोडा." मी हो म्हटलं नव्हतं. पण वाईत नाही म्हटल्याशिवाय होच धरतात, आणि नाही म्हटलं तर मोठ्यानं हो धरतात. त्यानं भिंतीचं माप हातानं घेतलं आणि सुस्कारा सोडला. "२०१८ ला थर्माकोलवर बंदी आली नसती ना काका, तर अख्खं बेथलेहेम उभं केलं असतं. कळसासकट."

"बेथलेहेम वाईत कसं दिसेल?" मी म्हटलं.

"का? 'गंगाजल'ला इथं बिहार उभा राहिला. 'दबंग'ला यूपी. 'स्वदेस'चं गाव तर आपली मेणवली. वाईला काय बी लावा, वाई व्हती." यावर अण्णांकडेही नोंद नव्हती.

माळ्यावरचं खोकं काढायचं काम माझं. घरात शिडीवर चढणारा मी एकटा, आणि मी वर गेलो की शिडी धरणारे सगळे एकदम सूचना देतात. खोक्यावर मीच गेल्या वर्षी 'नाताळ, नाजूक' असं लिहिलं होतं. त्यावर हिनं 'दिवाळी पण' लिहिलं होतं, आणि त्याखाली चिरंजीवांच्या बालपणातल्या अक्षरात 'किल्ला सामान हात लावू नये.' उघडल्यावर कळलं की ही तिन्ही खाती आता एकत्र झालीत. झिरमिळ्या, बेगड, पणत्या, एक पाय मोडलेली योसेफाची मूर्ती, रंग उडालेले मावळे आणि विजेची माळ. ही माळ ठेवताना मी गुंडाळून, दोरा बांधून ठेवतो. वर्षभर तिथे अंधारात ती काय करते कोण जाणे, डिसेंबरात तिची एक गाठ झालेली असते आणि गाठीत एक पणती.

खोक्याच्या तळाशी काचेचे गोळे. मिससाहेबांनी आत्याला दिलेले. प्रत्येक गोळा जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेला. गोळे काढायचं म्हणून आम्ही गोल करून बसलो खरे, पण पहिला तुकडा उलगडला आणि काम थांबलं. हिला एका तुकड्यावर सोन्याचा भाव सापडला. तिनं तो मोठ्यानं वाचला आणि लग्नात तिच्या वडिलांनी काय दिलं होतं याचा हिशोब पुन्हा सुरू झाला. चिरंजीवांना अर्धी क्रिकेटची बातमी मिळाली. उरलेल्या अर्ध्यासाठी त्यांनी भराभर बाकीचे गोळे सोडवले आणि गादीवर ठेवायच्या ऐवजी माझ्या मांडीवर ठेवत गेले, त्यामुळे मला जागचं हलता येईना. आत्याच्या हाती निधनवार्ता लागली. "अरे देवा, हे गेले?" ती थबकली.

"आत्या, पेपर कधीचा आहे बघा. ते जाऊन जमाना झाला. तुम्हीच तर फुलं घेऊन गेला होता."

"तेव्हा गेले होते ते कळलं होतं. छापून आलं होतं ते आत्ता कळलं." आणि तिनं त्यांच्यासाठी नव्यानं डोळे पुसले. गोळे गुंडाळायला आता कागदच उरला नाही, कारण प्रत्येकानं आपापला तुकडा वाचायला ठेवून घेतला.

मग मेणबत्त्या. मिससाहेबांच्या झाडावर खऱ्या मेणबत्त्या असायच्या, फांद्यांना चिमट्यानं लावलेल्या. म्हणून आमच्याही हव्यात. अण्णांनी सांगितलं, "एडिसनचा भागीदार एडवर्ड जॉन्सन, त्यानं १८८२ साली न्यूयॉर्कला आपल्या घरच्या झाडावर विजेचे ८० दिवे लावले. तोपर्यंत झाडाशेजारी पाण्याची बादली भरून ठेवायचे." आत्याला यातली फक्त बादली पटली. एका हातात बादली, दुसऱ्या हातात ओलं फडकं घेऊन मला झाडाशेजारी उभं केलं. गुडघ्याएवढं झाड, त्यावर चार मेणबत्त्या आणि शेजारी बादलीसकट मी. चिरंजीवांनी फोटो काढला आणि पिवळट फिल्टर लावला. तो आता आमच्या सगळ्या नातेवाइकांकडे आहे. मेण कुंडीत गळू लागलं तेव्हा नॉरफोक बेटाच्या दयेनं मेणबत्त्या विझवण्यात आल्या. त्याच मिनिटाला लाइट गेली आणि त्याच मेणबत्त्या शोधायला आम्ही काड्यापेटी शोधू लागलो.

बर्फाचा प्रश्न आत्यानं स्वतः सोडवला. आमच्याकडे बर्फाची परंपरा तशी तोकडीच. कडाक्याच्या थंडीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठतं आणि पेपरात त्याचा फोटो येतो, बोटानं खरवडून काढलेली पांढरी चिमूट आणि त्याभोवती आनंदानं वेडे झालेले पर्यटक. ते आमचं आल्प्स. आत्यानं कापसाचा रोल आणला आणि फांदीवर फांदी गुंडाळायला घेतली. हात जुना, सवय जुनी. प्रत्येक फांदीला आधी कापूस, मग वळसे देत पट्टी, आणि शेवटी टोक आत खोचून वर चिकटपट्टी. संपलं तेव्हा झाड हाडं मोडून भरती झालेल्या पेशंटसारखं दिसत होतं. आत्या दोन पावलं मागे सरून म्हणाली, "आता हलवू नका त्याला."

"बर्फ असा बांधत नाहीत हो आत्या," ही म्हणाली.

"बांधला नाही तर पडेल."

लाह्यांच्या माळा हाही अमेरिकन मामला. तिकडे मक्याच्या लाह्या दोऱ्यात ओवून झाडावर सोडतात. आत्याच्या मते आपल्या ज्वारीच्या लाह्या त्याहून सरस. खायला असतील, पण सुई लागली की त्यांचा चुरा होतो. ओवणारे सगळे चुरा खाऊ लागले आणि दोरा रिकामाच राहिला. चिरंजीवांनी मग गुपचूप बाजारातलं पॉपकॉर्नचं पाकीट आणलं. ते साखरेच्या पाकातलं निघालं. सकाळी खिडकीपासून चौरंगापर्यंत मुंग्यांची दिंडी लागली होती, येणारीची रांग वेगळी, जाणारीची वेगळी. पसरणी घाटात जे जमत नाही ते मुंग्यांनी आमच्या हॉलमध्ये करून दाखवलं.

वहिनींना झाडाची दया आली. त्यांनी सुनेच्या पहिल्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने आणले. तन्मणी, बाजूबंद, मुकुट. "याचंही पहिलंच वर्ष आहे ना," त्या म्हणाल्या आणि तन्मणी फांदीवर घातला. मग बोटानं थोडं हळदीकुंकू लावू का म्हणून आत्याकडे पाहिलं. वाई हळदीचं गाव, इथे पुडी कायम कुणाच्या तरी हातात असते. आत्यानं थोडा विचार केला. "लाव. पण कुंडीला लाव. झाडाला ड्रेसिंग केलंय."

खाली गोठा मांडायचा होता. बाळ, मरिया आणि एका पायावरचा योसेफ मिळाले. मेंढरं हरवली होती. त्यांच्या जागी बेंदराला आणलेली मातीची बैलजोडी आली, शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल. शास्त्रानं बैल गोठ्यात चालतो, त्यामुळे आत्याचं काही म्हणणं नव्हतं. पण पूर्वेकडून आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांतले दोघंच सापडले, आणि तिसऱ्याच्या जागी चिरंजीवांनी मावळा उभा केला.

"हा कोण?" आत्या.

"मावळा."

"आणि हातात?"

"तलवार."

"बाळासमोर तलवार?"

"हेरोद मागावर आहे ना, आजी. मग पहारा नको?"

आत्यानं आयुष्यभर संडेस्कूल घेतलंय. तिनं मनातल्या मनात मत्तय शुभवर्तमान चाळलं असावं. मावळा राहिला.

अध्यक्षाचा पडदा आला तो फ्लेक्स होता. चित्र काय छापायचं म्हणून त्यानं अण्णांना विचारलं होतं आणि अण्णांनी अर्थातच मेणवली सांगितली होती. वसईच्या मोहिमेतून आलेली मोठी घंटा तिथल्या शिवमंदिराजवळ टांगलीय. तिच्यावर १७०७ साल आहे आणि मरियेची बाळाला घेतलेली आकृती आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तेव्हापासून ही मायलेकरं आमच्या शेजारच्या गावात कृष्णेकाठी शंकराच्या पाहुणचाराला आहेत, आणि त्यांनी कधी झाड मागितलेलं नाही. हे सगळं अण्णांनी त्याला सांगितलं. त्यानं घंटेचा फोटो काढून भिंतभर छापला. वर 'नाताळच्या हार्दिक शुभेच्छा', खाली 'शुभेच्छुक' आणि कोपऱ्यात गॉगल लावलेला तो स्वतः, घंटेपेक्षा किंचित मोठा.

"तुझा फोटो कशाला?"

"काका, छपाई कुणी दिली?"

शेंड्यावर तारा हवा. आमच्याकडे तारा म्हणजे दिवाळीचा आकाशकंदील, पाच टोकांचा, झाडाहून दीडपट. तो बसवताच झाडानं कमरेत वाकून चौरंगाला डोकं टेकलं. अध्यक्षानं नायलॉनची दोरी मागवली, शेंडा खिडकीच्या गजाला बांधला, दुसरी दोरी पंख्याच्या हुकाला मारली आणि झाड ताठ झालं. दोऱ्या दिसू नयेत म्हणून त्यावर झिरमिळ्या, झिरमिळ्यांना आधार म्हणून बांबूची कमान आणि कमानीवर मंडळाची धावती लाइट.

कॅरलवाले रात्री उशिरा आले. ढोलकी, झांजा, मफलर गुंडाळलेली मुलं आणि पुढे पाळकसाहेब. सलाम झाले. आळीतली पोरंही त्यांच्यामागून आत घुसली. अध्यक्षानं बटण दाबलं, लाइट धावू लागली, चौरंग, कमान, हळदीकुंकू, घंटा, सगळं एकदम उजळलं. ढोलकीवर थाप पडली आणि आळीतल्या पोरांचे हात सवयीनं टाळीला लागले. ठेका तोच. कॅरलवाल्यांना गाणं नगरच्या चालीत धरावं लागलं, कारण ही पुढे होऊन सर्वांच्या आधी गाऊ लागली होती. पहिल्यांदाच यंदा घरात सगळे एका वेळी एकच गोष्ट करत होते, आत्यासुद्धा.

प्रार्थना झाली. करंज्यांची ताटं फिरली. पाळकसाहेबांनी चष्मा वर करून कमानीच्या आत, कंदिलाच्या खाली, तन्मण्याच्या मागे नीट निरखून पाहिलं. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सगळं छान आहे. पण यंदा झाड नाही ठेवलंत?"

मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात अध्यक्ष तोंडात करंजी घेऊन मध्ये आला. "काका, विसर्जन कधी? ट्रॅक्टर सांगून ठेवायला पायजे, आयत्या वेळी घावत न्हाई."

"सहा जानेवारीला," आत्या खुर्चीतूनच म्हणाली. "आणि डीजे नको."